घरची जुळणी, लेखांक ६ : आधी वॅट मोजा, मग बोर्ड आणि कूलर घ्या

मागच्या लेखांकात प्रोसेसर ठरला. कुणी रायझन ५ ७६००एक्स पक्का केला, कुणाचा जीव कोअर आय७-१४७००के मध्ये अडकला. दोघांचाही पुढचा प्रश्न एकच आहे : याला बोर्ड कोणता आणि कूलर कोणता? दुकानात या दोन वस्तू दोन वेगळ्या कपाटांत असतात, आणि आपणही त्या वेगवेगळ्याच निवडतो. बोर्ड दिसायला दणकट हवा, कूलर रंगीत दिव्यांचा हवा, एवढ्यावर खरेदी उरकते. खरं तर दोघांचं काम एकाच आकड्यावर बेतलेलं असतं : पूर्ण ताणाखाली प्रोसेसर किती वॅट ओढणार? बोर्डाने तेवढी वीज आत पोचवायची आणि कूलरने तेवढीच उष्णता बाहेर काढायची.

हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो. ७६००एक्सच्या नावापुढे १०५ वॅट लिहिलेले असतात, पण सॉकेटमधून तो १४२ वॅटपर्यंत ओढू शकतो. १४७००के च्या पुढे १२५ वॅट दिसतात, त्याची टर्बोची मर्यादा २५३ वॅट आहे. आणि ही झाली कंपनीने घालून दिलेली मर्यादा. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तीच ओलांडायची.

ती ओलांडताना किंमत कशी चढते ते पाहा. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ५ टक्के वाढवला आणि तो स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर हिशेब होतो १.०५ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.२७. पाच टक्के वेगासाठी सत्तावीस टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता.

पूर्वी हा सौदा फायद्याचा होता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचारचा गुणक लावून तो ३०० मेगाहर्ट्झने चालायचा. ॲबिटच्या बीएच६ सारख्या बोर्डवर, जंपर न हलवता बायोसमधूनच बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर बऱ्याचदा ४५० ने धावायचा. स्वस्तातल्या चिपमधून दीडपट वेग! आज कंपन्या कारखान्यातूनच चिपला जवळजवळ तिच्या टोकापर्यंत नेऊन विकतात. आपल्या हाती उरतात ते शेवटचे चार-पाच टक्के. त्यांच्यासाठी किती पैसे घालायचे, हे डोळे उघडे ठेवून ठरवायला हवं.

बोर्ड : नावातलं अक्षर आणि सॉकेटभोवतीचे ठोकळे

पहिली चाळणी चिपसेटची. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावात ‘के’ हवा आणि बोर्ड ‘झेड’ मालिकेचा हवा, उदाहरणार्थ झेड७९०. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक वाढवता येत नाही. ‘के’ प्रोसेसर आणि बी७६० बोर्ड असा कॉम्बो कुणी पुढे केला, तर तो वाईट नाही, पण ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही. एएमडीकडे नियम सैल आहेत : बी६५०, एक्स६७०, बी८५०, एक्स८७० या सगळ्यांवर मुभा आहे. ए६२० वर नाही, आणि बी८४० वरही नाही. बी८४० आणि बी८५० या नावांत एकाच आकड्याचा फरक आहे, तेव्हा बिल करण्याआधी खोक्यावरचं नाव पुन्हा वाचा.

दुसरी चाळणी वीजपुरवठ्याची, आणि खरा कस इथेच लागतो. एसएमपीएसकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात साधारण सव्वा व्होल्ट. ही उतरण बोर्डावरचा व्हीआरएम करतो. आता १४७००के चे २५० वॅट घ्या आणि त्यांना १.२५ ने भागा. उत्तर येतं २०० अँपिअर. घरात गीझरच्या पॉइंटला १६ अँपिअरचं सॉकेट असतं, त्यावरून अंदाज करा. व्होल्टेज नगण्य असलं तरी एवढा प्रवाह तळहाताएवढ्या जागेतून जायचा आहे. व्हीआरएमची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर २५० वॅट पोचवताना सुमारे २८ वॅट बोर्डावरच उष्णतेत जातात. प्रोसेसरच्या कूलरचा त्या २८ वॅटशी काहीही संबंध नसतो.

म्हणून बोर्डाचा फोटो मोठा करून सॉकेटच्या डावीकडे आणि वर पाहा. करड्या किंवा काळ्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसेल. ते चोक. साधारणपणे प्रत्येक चोकमागे एक फेज. त्यांच्या शेजारच्या चिपा, म्हणजे वीज उतरवणारे टप्पे, हीटसिंकखाली झाकलेल्या असतात. तीन गोष्टी तपासा. डावीकडच्या आणि वरच्या अशा दोन्ही रांगांवर हीटसिंक आहे का? तो खरंच जाड ॲल्युमिनियमचा, खाचा पाडलेला आहे, की धातूच्या पट्टीवर प्लास्टिकचं झाकण चढवलंय? आणि डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनांचं सॉकेट एक आहे की दोन?

जाहिरातीत ‘१४+२+१’ असं काही छापलेलं असतं. यातला पहिला आकडाच प्रोसेसरच्या कोअरचा, बाकीचे इतर भागांचे. त्या चौदांतही बऱ्याचदा कंट्रोलरच्या सात वाहिन्यांवर प्रत्येकी दोन टप्पे जोडलेले असतात. त्यात फसवणूक नाही, पण १४ म्हणजे ७ च्या दुप्पट चांगलं असंही नाही. प्रत्येक टप्पा किती अँपिअरचा, हे जास्त महत्त्वाचं. चौदा टप्पे प्रत्येकी ६० अँपिअरचे धरले तर कागदावर ८४० अँपिअर होतात. आपल्या सर्वांत खादाड प्रोसेसरला हवे आहेत २००. ७६००एक्सला तर ११०-१२० च्या आसपास. म्हणजे ७६००एक्ससाठी हीटसिंक असलेला, आठ-दहा फेजचा मधल्या किमतीचा बी६५० पुरतो. १४७००के साठी मात्र दोन्ही बाजूंना भक्कम हीटसिंक असलेला, बारा-चौदा फेजचा झेड७९० हवाच. त्याच्या वरच्या किमतीत तुम्ही वायफाय, जादा एम.२ खाचा आणि दिवे विकत घेता. ते हवे असतील तर जरूर घ्या, पण वेगाच्या खात्यात त्यांची नोंद करू नका.

तिसरी चाळणी संकटकाळाची. सेटिंग चुकलं की मशीन उठत नाही. त्या वेळी मागच्या पट्टीवर ‘क्लिअर सीमॉस’चं बटण असलं, किंवा प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्सपैकी कशावर गाडी अडली ते सांगणारे छोटे दिवे बोर्डावर असले, तर एक रात्र वाचते. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येण्याची सोयही असावी.

सॉकेटचं आयुष्यही पाहून ठेवा. १४७००के चं एलजीए१७०० सॉकेट चौदाव्या पिढीपाशी संपलं, इंटेलचे पुढचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर एलजीए१८५१ वर गेले. एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज एएम५ वर थोडा चांगला बोर्ड घेतला तर पुढच्या प्रोसेसरलाही तो चालेल.

कूलर : पुण्याचा जानेवारी आणि चंद्रपूरचा मे

कूलर काही थंडी तयार करत नाही. खोलीतल्या हवेत तो उष्णता सोडतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाच्या खाली तो प्रोसेसरला नेऊच शकत नाही. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. समजा, एखादा कूलर पूर्ण ताणाखाली प्रोसेसरला हवेपेक्षा ५० अंश वर ठेवतो. पुण्यात जानेवारीच्या रात्री २२ अंशांत प्रोसेसर ७२ वर राहील. चंद्रपुरात मेच्या दुपारी, एसी नसलेल्या ४० अंशांच्या खोलीत तोच ९० वर जाईल. ७६००एक्सची मर्यादा ९५ अंश आहे, १४७००के ची १००. मर्यादा आली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, आणि मग ज्या पाच टक्क्यांसाठी खटाटोप केला तेच जातात. म्हणून आपल्या घरातल्या सर्वांत गरम दुपारचं तापमान धरून कूलर निवडा. खोक्यावरच्या ‘२६० वॅट टीडीपी’वर भिस्त ठेवू नका. हा आकडा मोजायचं सगळ्या कंपन्यांना मान्य असलेलं एकच प्रमाण नाही.

हवेचा टॉवर कूलर कसा चालतो ते समजलं की त्याच्यावर विश्वास बसतो. तळाच्या तांब्याच्या ठोकळ्यातून चार-सहा नळ्या वर पंखांच्या चळतीत जातात. नळ्या पोकळ असतात, आत कमी दाबाखाली अगदी थोडं पाणी असतं. तळाशी त्याची वाफ होते, वाफ वर जाऊन पंखांपाशी उष्णता सोडते, पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली झिरपते. यात हलणारा भाग एकच : बाहेरचा पंखा. तो बिघडला तर कुठूनही १२० मिलिमीटरचा दुसरा आणून लावता येतो.

पाण्याच्या तयार कूलरमध्ये, म्हणजे एआयओमध्ये, पंपही असतो आणि रबरी नळ्याही. वर्षानुवर्षांत नळ्यांतून थोडं पाणी उडून जातं, आत हवा साठते. ती पंपात शिरू नये म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असाच तो बसवायचा. पंप गेला तर सगळा संच वॉरंटीत पाठवावा लागतो आणि तोवर संगणक बंद. मोठ्या शहरापासून लांब राहणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा.

तरी एआयओ कुणाला लागतो? २०० वॅटच्या वर सतत जाणाऱ्याला. १४७००के वर व्हिडिओ रेंडरिंग तासन्‌तास चालणार असेल, तर ३६०चा एआयओ, म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे, शोभेचा राहत नाही. ७६००एक्सची गोष्ट उलटी आहे. त्याचे सहा कोअर सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या चिपवर दाटीवाटीने आहेत. उष्णता आधी त्या चिमुकल्या जागेतून बाहेर यावी लागते, आणि अडतं ते तिथेच. पुढे रेडिएटर कितीही मोठा जोडला तरी फरक थोडका पडतो. थर्मलराइट पिअरलेस असॅसिन १२० एसई किंवा डीपकूल एके६२० सारखा दोन टॉवरचा हवेचा कूलर त्याला भरपूर झाला.

आता बोर्ड आणि कूलर पुन्हा एकत्र आणू. हवेच्या कूलरचा पंखा सॉकेटच्या आसपासही वारा खेळवतो आणि व्हीआरएमच्या हीटसिंकला त्याचा आयता फायदा मिळतो. एआयओ लावला की सॉकेटभोवतीची हवा थबकते. त्यामुळे एआयओ घेणाऱ्याने बोर्डाच्या हीटसिंकवर कंजुषी करू नये, आणि कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा ठेवावाच.

घेण्याआधी पट्टी काढा. पिअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर उंच आहे, एके६२० १६० आणि नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५. कॅबिनेटच्या माहितीत कूलरच्या उंचीची मर्यादा दिलेली असते. काचेचा दरवाजा पाच मिलिमीटरसाठी अडला तर दुकानदार परत घेईलच असं नाही. पुढचा पंखा रॅमवर येतो, म्हणून उंच शिंगांची रॅम टाळा. जुना कूलर वापरणार असाल तर हेही पाहा : एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर बसतात, पण इंटेलच्या एलजीए१२०० ची भोकं ७५ मिलिमीटर अंतरावर होती, एलजीए१७०० ची ७८ वर आहेत. त्यासाठी वेगळं किट लागतं. बसवताना तळाची प्लास्टिकची फिल्म काढा, पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने थोडे-थोडे आवळा.

‘ऑटो’वर सोडू नका

चांगला बोर्ड घेतला म्हणजे त्याचं सगळं ऐकावं असं नाही. २०२३ मध्ये काही एएम५ बोर्डांनी रॅमचं एक्स्पो प्रोफाइल लावताच एसओसी व्होल्टेज नको इतकं चढवलं आणि काही प्रोसेसर जळाले. त्यानंतर एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरना अस्थिरतेने गाठलं. जास्त व्होल्टेज मागणारा मायक्रोकोड सुधारून इंटेलने ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी काढला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. बोर्डवाल्यांनी विजेच्या मर्यादा मोकाट सोडल्या होत्या, हेही तेव्हा चव्हाट्यावर आलं. तेव्हा बोर्ड घरी आला की पहिलं काम बायोस अद्ययावत करणं, दुसरं काम वॅटची मर्यादा स्वतःच्या हाताने लिहिणं. १४७००के चा जुना बोर्ड सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. आणि एक लक्षात असू द्या : ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही.

माझा कौल असा. लॅमिंग्टन रोडला जा किंवा घरबसल्या मागवा, पण ७६००एक्सवाल्यांनी मधला बी६५० आणि दोन टॉवरचा हवेचा कूलर घ्यावा आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत. १४७००के वाल्यांनी भक्कम झेड७९० आणि ३६०चा एआयओ हे दोन्ही परवडत असतील तरच गुणकाला हात लावावा. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर २५३ वॅटची मर्यादा तशीच ठेवून वापरावा, तो तेवढ्यातही वेगवान आहे. बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीला गाठू लागली, तर मात्र थांबा आणि एक पायरी वरचा प्रोसेसर घ्या.

पुढच्या आठवड्यात एसएमपीएस आणि रॅम. तोपर्यंत आपल्या खोलीतलं दुपारचं तापमान एकदा मोजून ठेवा, पुढच्या हिशेबात ते लागणार आहे.