हवा आणि हवामान

"सर, मलकापूर बुलढाण्यापेक्षा थंड आहे!" एप्रिलमध्ये नानीकडून परतलेला सातवीतला मुलगा म्हणाला. तिथे अवकाळी पाऊस पडला होता. त्या दिवसाची ती हवा. साधारण 30 वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. उर्दूत मौसम आणि आबोहवा. घरात आपण दोन्हींना हवामानच म्हणतो, तिथेच मुले गोंधळतात.

बुलढाणा सुमारे 650 मीटर उंचीवर; राजूर घाट उतरला की मलकापूर जवळपास 400 मीटर खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. हजार मीटर चढल्यास तापमान साधारण साडेसहा अंश घटते. हिशेब मुलांनीच केला : अडीच अंश.

आता नानीच्या ओसरीत थर्मामीटर टांगलाय. मुलगा रोज दुपारी फोन करून वहीत दोन रकाने भरतो. पहिल्याच आठवड्यात एकदा मलकापूर पुन्हा थंड निघाले. तो आकडा मी खोडू दिला नाही.