उजनीचे ओसरते पाणी आणि पाणथळीचे पक्षी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात भीमा नदीवर उभारलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा विस्तीर्ण जलाशय पुढे पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्धी पावला. धरण काठोकाठ भरले की पक्षीही अधिक येणार, असा समज सर्वत्र आढळतो. पोहणाऱ्या बदकांपुरता तो काहीसा खरा असेल. पाण्यात उभे राहून अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

या पक्ष्यांची चरण्याची जागा त्यांच्या पायांची उंची व चोचीची घडण ठरविते. चिमणीएवढा टिलवा ओल्या चिखलावरून धावत बारीक किडे टिपतो. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या त्याहून थोडा आत, उथळ पाण्यात शिरतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून चालतो आणि माशाचा स्पर्श होताच ती मिटतो. गढूळ पाण्यात त्याचे अडत नाही ते यामुळेच. रोहित तर मान वाकवून चोच उलटी धरतो व तिच्यातील चाळणीसारख्या कडांतून सूक्ष्म जीव गाळून घेतो. एकाच काठावर इतके पक्षी फारशा भांडणाविना चरतात, याचे इंगित हेच.

काठाचा उतारही तितकाच महत्त्वाचा. शंभर फुटांस एक फूट असा उतार असल्यास पातळी फूटभर खाली जाताच शंभर फूट रुंदीचा पट्टा उघडा पडतो. दगडी पिचिंगच्या उभ्या काठाशी मात्र पाय टेकण्यापुरतीही जागा मिळत नाही. रब्बी व उन्हाळी आवर्तनांसाठी पाणी सोडले जाते, तसतसा हा पट्टा सरकतो व पक्षीही त्यामागोमाग सरकतात. मागे राहिलेल्या डबक्यांत मासळी कोंडली जाते, ती बगळ्यांची पर्वणी. चिखल वाळून कठीण झाला की चोच रुतत नाही. तो भाग पक्षी सोडून देतात. पाणी दीर्घकाळ चढे राहिल्यास रोहितांचे आगमन लांबते, ते याच कारणाने.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. पाणी ओसरून मोकळी झालेली हीच जमीन गाळपेरीची. ज्याचे शेत धरणात गेले, त्याला पक्ष्यांसाठी हे एक पीकही सोडा, असे सांगणे प्रस्तुत लेखकाला तरी प्रशस्त वाटत नाही. तथापि पक्ष्यांना हवा असतो तो पाण्यालगतचा, नांगर रुतून बसेल असा ओला पट्टा. वाटेल तशी माती खणल्याने पडणारे खोल खड्डे आणि पाणी झाकून टाकणारी जलपर्णी यांनी तो पट्टाच नाहीसा होतो, आणि त्यात गाळपेर करणाऱ्याचाही लाभ नाही. ग्रामपंचायतींना लक्ष घालता येईल ते येथे.

काठच्या शाळांतील शिक्षकांनी इंचांच्या खुणा केलेला एक बांबू उथळ पाण्यात रोवून घ्यावा आणि पाणी किती उतरले व त्या जागी कोणता पक्षी उभा होता, याची नोंद विद्यार्थ्यांकडून दर आठवड्यास ठेवून घ्यावी. टिलवा कोणत्या आठवड्यात आला आणि रोहित कधी, हे त्या वहीतच दिसेल.