आज्ञावली-लेखन : वर्गपाठ की स्वाध्याय?

संगणकाची आज्ञावली लिहिण्याची विद्या, म्हणजेच प्रोग्रॅमिंग, महाविद्यालयीन विद्यार्थ्याने क्रमबद्ध पाठांतून शिकावी की स्वतंत्र अभ्यासाने, असा प्रश्न पालक व शिक्षक यांच्यापुढे नेहमी उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. वर्णानुक्रमे लावलेल्या १००० नावांच्या यादीतून एक नाव शोधावयाचे आहे. स्वतःच शिकणारा विद्यार्थी बहुधा पहिल्या नावापासून आरंभ करील; प्रसंगी त्यास १००० नावे तपासावी लागतील. मधले नाव पाहून दर वेळी निम्मी यादी वगळण्याची रीत वर्गात शिकविली जाते. तीत फार तर १० नावे तपासावी लागतात. अशी रीत आहे हेच ज्यास ठाऊक नाही, तो तिचा शोध कोठे घेणार?

तथापि फळ्यावरील रीत वहीत उतरविल्याने विद्या हाती येत नाही. शेवटचे नाव सापडत नाही, आज्ञावली थांबतच नाही, असे दोष ती स्वतः लिहून चालविल्यावरच ध्यानी येतात. ते हुडकण्याची सवय स्वाध्यायानेच जडते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात या दोहोंची सांगड आढळते. त्यातील लहान लहान पाठ विनामूल्य असून अनेक मराठीतही आहेत. पाठ पाहत असतानाच तीच कृती आपल्या संगणकावर करावयाची, अशी त्यांची पद्धत आहे.

मात्र ज्याच्या घरी संगणक नाही, त्यास स्वाध्यायाचा उपदेश व्यर्थ होय. महाविद्यालयांनी तासांनंतरही प्रयोगशाळा खुली ठेवल्यास खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांची ही अडचण दूर होईल.