वही मिटली की अभ्यास सुरू

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला असतो. २०२५ मध्ये इथला बारावीचा निकाल ९६.७४ टक्के लागला, दहावीचा ९८.८२ टक्के. तरीही रत्नागिरीत कॉलेजला येणारी अनेक मुलं पहिल्याच सेमिस्टरला गोंधळतात. ‘सगळं वाचलं होतं, पेपरात आठवलंच नाही’, ही तक्रार नेहमीची. मुलं आळशी नसतात. धडा पुन्हा पुन्हा वाचायचा, ओळी रंगवायच्या, आदल्या रात्री जागायचं, ही शाळेतली रीत ती कॉलेजातही चालवतात.

पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि तो आपल्याला येतो असा समज होतो. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये १२० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. मग एक उतारा पुन्हा वाचायचा आणि दुसरा न बघता, आठवेल तसा लिहायचा. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा ८१ टक्के आठवला, लिहून काढलेला ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र उलटलं: दोनदा वाचलेला ४२ टक्के, लिहून काढलेला ५६ टक्के. पाच मिनिटांचा तो विजयच मुलांना फसवतो.

म्हणून लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं. अडलं तिथे खूण करावी आणि मगच वही उघडावी. हेच दोन-तीन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने करावं. सुरुवातीला कागद बराचसा कोराच राहतो. त्याने खचू नये, काय येत नाही हे तिथेच कळतं. आणि झोप मोडू नये. दिवसभराचं शिकलेलं मेंदूत पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

मराठी माध्यमातून सायन्सला गेलेल्यांनी आधी घरच्या बोलीत आठवावं. मिठातल्या कैरीच्या फोडींना पाणी का सुटतं, हे आईला समजावता आलं की ‘ऑस्मोसिस’ची इंग्रजी व्याख्या नुसती घोकावी लागत नाही.

लांजा, जयगड, पावसहून रोज ये-जा करणाऱ्यांना वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न खरा आहे. एसटीत वही उघडली तर गाडी लागते. पण आज काय शिकवलं ते डोळे मिटून आठवणं हातखंब्याच्या वळणावरही जमतं.