लिंबाच्या बुंध्यात पाणी नको

आम्ही शिवाजी पेठेतल्या बायका. रंकाळा शेजारी, पंचगंगा जवळ, त्यामुळं पाणी सोडलं की झालं, ही उसानं लावलेली सवय. याच सवयीनं आमच्यातल्या एकीच्या मळ्यातली सहा लिंबं गेली. बुंध्यात पाणी साठलं, सालीतून डिंक गळू लागला, पानं पिवळी पडली. आम्हाला वाटलं झाड तहानलंय, म्हणून आणखी पाणी दिलं!

लिंबू, मोसंबी, संत्रं एकाच घरची. त्यांची पाणी ओढणारी बारीक मुळं खोडाला चिकटून नसतात, फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत पसरलेली असतात. म्हणून आळं दुहेरी करायचं. खोडाभोवती मातीची भर देऊन लहान आळं कोरडं ठेवायचं, पाणी बाहेरच्या मोठ्या आळ्यात. पावसाळ्याआधी खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची.

आता गटातून कर्ज काढून एकरभर लिंबू लावायचा बेत आहे. 20 बाय 20 फुटांवर एकरी 108 झाडं बसतात. मोठ्या झाडाला मे महिन्यात ठिबकनंसुद्धा रोज 100 लिटर धरा. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर, तोही रोज. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडच्या लोकांनी मोसंबीला असेच टँकर घातले, तरी कितीतरी बागा वाळल्या.

संत्र्याच्या वरूड-मोर्शी भागात बोअर खोल खोल गेल्या, त्याचं कारण बहारात आहे. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी दिलं की फूल येतं. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, म्हणजे सगळा उन्हाळा झाडावर फळ, त्याला पाणी हवंच. मृग बहार पावसावर फुलतो. मे महिन्यात झाड फक्त जगवायचं. बहार निवडला की पाणी निवडलं. लिंबाला हस्त बहार धरला तर उन्हाळ्यात चढा भाव मिळतो खरा, पण आपल्याकडच्या पावसात ताण बसायचा कसा?

म्हणून गटात ठरलंय: मे महिन्यात विहिरीत दोरी सोडून पाणी मोजायचं, मगच बँकेच्या कागदावर सही. दोघीजणी यावरून अजून रुसल्या आहेत.