पाण्याचा जमाखर्च

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत चर्चा बहुधा दोनच वाटांची होते. एक तर वाणिज्य शाखा घेऊन पेढी सांभाळावी, नाहीतर वैद्यकीय वा अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी लातूर-पुणे गाठावे. विज्ञानाच्या साध्या पदवीला, त्यातही पर्यावरणीय रसायनशास्त्राला, या चर्चेत क्वचितच स्थान मिळते. ‘हे शिकून पुढे काय?’ असे वडीलधारी मंडळी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर बीड जिल्ह्याच्या माती-पाण्यातच दडलेले आहे.

हवा, पाणी आणि माती यांत कोणता पदार्थ किती आला, त्याचे रूपांतर कशात झाले आणि तो शेवटी कोठे गेला, याचा हिशेब म्हणजे पर्यावरणीय रसायनशास्त्र. पदार्थ नाहीसा होत नाही, केवळ रूप बदलतो, हा त्याचा पाया. तो तराजूच्या साहाय्याने दृढ करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए स्वतः राजाच्या करवसुलीच्या व्यवहारातील भागीदार होता. जमा आणि खर्च जुळलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह व्यापारी घरातील मुलांना परका वाटू नये.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षणासंबंधी आदेश दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही या विषयाची तोंडओळख होते. मात्र प्रयोगशाळेत उभे राहून पाणी मोजण्याचा अनुभव विज्ञान शाखेतच मिळतो. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. बीड, अंबाजोगाई, परळी येथील विज्ञान महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

या अभ्यासातील आरंभीचा एक प्रयोग पाण्याच्या जडपणाचा असतो. आपला जिल्हा बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या काळ्या पाषाणातील कॅल्शियम व मॅग्नेशियम भूजलात उतरतात आणि पाणी जड होते. नमुन्यात विशिष्ट रंगद्रव्य घालून ईडीटीएचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले की लालसर रंग निळा होतो. किती द्रावण लागले यावरून जडपणा निघतो. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो.

आपल्याकडे पाणी गाळून, उकळून पिण्याची परंपरा आहे. उकळल्याने जंतू मरतात आणि विरघळलेल्या बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. पातेल्यातील पांढरा थर तोच. परंतु नायट्रेट व फ्लोराइड उकळण्याने जात नाहीत. पाण्याची वाफ झाल्याने उलट त्यांचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून बोअरचे पाणी उकळण्यापूर्वी एकदा तपासून घेणेही तितकेच आवश्यक ठरते.

नायट्रेटचा हिशेब तर खतविक्रेत्यांच्या दुकानातूनच सुरू होतो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. पिकाने न घेतलेल्या नत्राचे जमिनीतील जीवाणू नायट्रेट करतात. ते मातीला चिकटून राहत नाही आणि पावसाबरोबर खाली झिरपते. एका किलो नत्रापासून सुमारे ४.४ किलो नायट्रेट होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे वाया गेलेले एक किलो नत्र सुमारे ९८ हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. अतिरिक्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. गोणी विकताना ‘आधी मातीपरीक्षण करा, हप्त्याहप्त्याने द्या’ असे सांगणारा दुकानदार गावच्या विहिरीचेही रक्षण करतो.

दुसरे उदाहरण परळीचे. भारतीय कोळशात सामान्यतः ३० ते ४० टक्के राख असते. शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख मागे उरते. ती उघडी पडली तर हवा व पाणी बिघडवते. विटा आणि सिमेंटमध्ये गेली तर मालमोल होते. हेच वीजकेंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या जिल्ह्यात पाणी इतके दुर्मीळ, तेथे उरलेल्या पाण्याचा कस जाणणारी माणसे हवीतच.

अशा माणसांना काम आहे. पाणी व मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळा, साखर कारखाने, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औषध व खाद्यपदार्थ उद्योग, सर्वत्र रासायनिक विश्लेषकांची गरज असते. नोकरी न करता पेढीवर परतलेल्या मुलालाही हे ज्ञान वाया जात नाही. तेल, धान्य, खत यांचा व्यवहार शेवटी गुणवत्तेच्या पारखेवरच उभा असतो. आणि मुलीने हा विषय मागितला, तर ‘प्रयोगशाळेत कशाला?’ असे न विचारता तिच्या हाती आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली द्यावी. सचोटीच्या वहीत रुपयांच्या नोंदी आपण पिढ्यान्पिढ्या ठेवल्या. पाण्याच्या नोंदी ठेवणारे हात आता घरातूनच घडवावे लागतील.