उजेडावर फिरणारं भिरभिरं

जत्रेतून आणलेलं भिरभिरं हातात धरून धाकटी अंगणात उभी होती. वारा पडलेला, पान हलत नव्हतं. तिनं भिरभिरं उन्हात धरलं आणि विचारलं, "आजोबा, हे उन्हानं फिरेल?"

थोरला खो खो हसला. मी म्हटलं, हसू नकोस रे. तिनं फार मोलाचा प्रश्न विचारलाय. उजेडावर फिरणारं भिरभिरं माणसानं खरंच केलंय, फक्त ते इतकं लहान आहे की तुझ्या एका केसाच्या रुंदीत तसली हजारो भिरभिरी ओळीनं मावतील. या, पायरीवर बसा. सांगतो.

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तिथं जर्मनीच्या सीमेला लागून बार्गर-कॉम्पास्कुम नावाचं एक खेडं आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १९५१ साली एक मुलगा जन्मला, दहा भावंडांतला दुसरा. त्याचं नाव बेन फेरिंगा. शेतात वाढलेला हा मुलगा पुढं रसायनशास्त्र शिकला आणि ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तिथं तो आणि त्याचे सहकारी उजेडाची बटणं करत होते. बटणं म्हणजे असे रेणू, की उजेड पडला की एका बाजूला वळतील आणि पुन्हा उजेड पडला की मागं येतील. दिव्याच्या खटक्यासारखे. वर, खाली, वर, खाली.

"मग त्यात काय? वळला ना रेणू!" थोरला म्हणाला.

वळला. पण बाळा, वळणं आणि फिरणं यांत फार अंतर आहे. दार बिजागरीवर वळतं, पण म्हणून दाराचा पंखा होत नाही. जितकं पुढं जातं तितकंच मागं येतं. फिरायचं असेल तर एकाच दिशेनं जात राहायला हवं, आणि रेणूंच्या जगात तेच सगळ्यांत अवघड. काल जत्रेत देवळापुढच्या गर्दीत आपण अडकलो होतो, आठवतं? पुढून धक्का, मागून धक्का, दोन्ही बाजूंनी धक्के. अर्धा तास हललो, पण होतो तिथंच. रेणूला असे धक्के अखंड बसत असतात. ऊब म्हणतो ना आपण, ती म्हणजे ही धक्काबुक्कीच. अशा गर्दीत एकाच दिशेला पाऊल टाकायचं कसं?

आता तुझी सायकल आण आणि पॅडल उलटं फिरव. टिक टिक टिक वाजतंय ना? मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये एक खिट्टी आहे. उलट्या बाजूनं ती दात्यांवरून नुसती घसरते, सुलट्या बाजूनं खाचेत अडकते आणि चाक ओढते. म्हणून तुझं बळ एकाच दिशेला लागू पडतं. फेरिंगांच्या रेणूत अशीच एक सोय आहे, पण तिथं लोखंडही नाही आणि स्प्रिंगही नाही. रेणूचा नुसता आकारच खिट्टीचं काम करतो.

दोन तळहात समोरासमोर धरा. एक वरचं पातं, एक खालचं. मधे कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधानं जोडलेले आहेत, तो या भिरभिऱ्याचा आस. दुहेरी बंध ताठ असतो, सहजासहजी पिळू देत नाही. पण त्यावर अतिनील प्रकाश पडला की क्षणभर तो सैल होतो, आणि एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात वरचं पातं जवळजवळ अर्धी गिरकी घेतं. पाती मोठी आणि जागा अपुरी, त्यामुळं ती सपाट राहत नाहीत, मळसूत्रासारखी पिळवटून बसतात. शिवाय प्रत्येक पात्यावर अणूंचा एक लहानसा गट खुंटीसारखा बसवलेला असतो. त्याचं नाव मिथाइल. गिरकी घेतल्यावर या खुंट्या अडचणीत सापडतात, जणू जिन्यात कपाट अडकलंय. रेणू ताणलेला राहतो.

आता ऊब कामाला येते. ज्या धक्क्यांनी आपण जत्रेत हैराण झालो, तेच धक्के इथं पात्याला ढकलतात. कधीतरी पुरेसा जोराचा धक्का बसतो, एक पातं दुसऱ्याला घासून पलीकडं निसटतं आणि खुंट्या मोकळ्या होतात. परतीची वाट मात्र उभ्या चढाची, तेवढा जोर नेहमीच्या धक्क्यांत नाही. खिट्टी पडली! पुन्हा उजेड, पुन्हा अर्धी गिरकी. पुन्हा ऊब, पुन्हा निसटणं. चार पायऱ्या आणि एक पूर्ण फेरा. ढकलतो उजेड आणि मागं येऊ देत नाही ऊब. या जोडीचं मला फार नवल वाटतं. जी धक्काबुक्की दिशा बिघडवते, तिलाच या माणसांनी दिशा राखायला बसवलं.

हे १९९९ साली झालं. नागातोशी कोउमुरा आणि इतर सहकाऱ्यांसह फेरिंगांनी ते 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. ते पहिलं भिरभिरं संथ होतं. उबेची एक पायरी २० अंश सेल्सियसला पार पडायची, दुसरीला ६० अंश लागायचे. मग पात्यांचे आकार बदलून बदलून अडचण कमी केली, आणि २०१४ सालापर्यंत वेग सेकंदाला १ कोटी २० लाख फेऱ्यांवर गेला.

धाकटीनं विचारलं, "पण ते कुठल्या बाजूला फिरतं?"

शाबास! तुझी उजवी चप्पल डाव्या पायात जाते का? नाही ना. रेणूंतही असे उजवे-डावे असतात, एकमेकांचं आरशातलं रूप. उजवा एका बाजूला फिरतो, डावा दुसऱ्या. म्हणून आधी निवडून घ्यावे लागतात. २०११ साली याच मंडळींनी चार भिरभिऱ्यांची एक गाडी केली, चार चाकी, एका रेणूची. तांब्याच्या पृष्ठभागावर ठेवून तिला विजेचे बारीक झटके दिले, आणि दहा झटक्यांत ती ६ नॅनोमीटर सरकली. पण कोणती गाडी सरकली? जिची डावी-उजवी चाकं नीट जोडीनं बसली होती ती. ज्यांची जोडी चुकली, त्या सरळ गेल्याच नाहीत.

"आणि कुणाला दिसलं का ते?" थोरल्यानं अजून हट्ट सोडला नव्हता.

एक भिरभिरं डोळ्यांना दिसणार नाही, पण त्यांचं काम दिसलं. २००६ साली त्यांनी असे रेणू द्रवस्फटिकाच्या पातळ थरात मिसळले. द्रवस्फटिक म्हणजे आपल्या टीव्हीच्या पडद्यात असतो ना, तो पदार्थ. वर २८ मायक्रोमीटर लांबीची काचेची कांडी ठेवली. भिरभिऱ्याच्या मानानं ती दहा हजार पट मोठी, मुंगीनं डोंगर हलवावा तशी गोष्ट. उजेड सोडला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती काचेची कांडी हळूहळू फिरू लागली. मी तो प्रयोग वाचला त्या रात्री मला झोप आली नाही.

२०१६ साली फेरिंगांना झाँ-पिएर सोवाज आणि फ्रेझर स्टॉडर्ट यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि ऐक, तुझ्या डोळ्यांतही उजेडावर वळणारा एक रेणू आहे. रेटिनल त्याचं नाव. त्याच्यातही दुहेरी बंध आहे, आणि तिथं तो रेणू वाकलेला असतो. उजेडाचा एक कण पडला की तो सरळ होतो, आणि तिथून दिसणं सुरू होतं. पूर्ण फेरा नाही घेत तो. शरीर त्याला पुन्हा वाकवून ठेवतं. तू भिरभिऱ्याकडं बघतेस तेव्हा कितीतरी रेटिनल तुझ्या डोळ्यांत वळत असतात.

धाकटीनं एक डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. थोरल्यानं तोवर सायकल उलटी करून अंगणात ठेवली होती. चाकाला कान लावून तो पॅडल मागं फिरवत होता, अगदी सावकाश, एक एक दाता ऐकत.